डिझेल जातंय कुठं? जुन्या लाँचच्या टाकीचं माप आणि खप जुळत नसेल तर

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या बोटीचं असेल तरच पुढं वाचा.

काटा सकाळी अर्ध्यावर, दोन फेऱ्या मारल्या तरी अर्ध्यावरच, आणि मग अचानक लाल पट्ट्यात.

रात्री टाकीत मापाची पट्टी टाकली तर सत्तर लिटर, सकाळी साठ. मधे इंजिनाला कुणी हातही लावलेला नाही.

मागच्या महिन्यात तासाला तीन लिटर लागत होतं, आता चार लागतंय. बोट तीच, वाट तीच.

पट्टीला भरपूर डिझेल लागतंय, पण इंजिन मधल्या पाण्यात गुदमरून बंद पडतं. दहा मिनिटं थांबलं की शहाण्यासारखं परत चालू होतं.

आणि पाचवं लक्षण, जे बोटीत नसतं, मालकाच्या डोक्यात असतं: "पोरगं डिझेल विकतंय."

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, बामणोली-तापोळा पट्ट्यातल्या लाँचींची डिझेल इंजिनं मी बरीच वर्षं बघतोय. त्याआधी रत्नागिरीला मिरकरवाड्यात ट्रॉलरवर आणि एका जुन्या शिडाच्या बोटीवर हात काळे केले. शिडाच्या बोटीवर हा त्रास दुप्पट असतो, कारण वाऱ्यावर ती एका कुशीवर कललेली असते आणि टाकीतलं डिझेलही तिच्याबरोबर कलतं. पण दुखणं एकच. दहापैकी सात-आठ वेळा डिझेल कुठंच गेलेलं नसतं. आपलं माप चुकलेलं असतं.

बोट सरळ उभी आहे का? (खर्च शून्य)

मे महिन्यातली गोष्ट. एका मालकांचा फोन आला, "मिस्त्री, रोज रात्री आठ-दहा लिटर जातंय. पोराला काढू का?" पोरगं कांदाटी खोऱ्यातलं, वीस वर्षांचंसुद्धा नसेल, रात्री बोटीवरच झोपायचं. मी म्हटलं, "तात्या, मी येईपर्यंत काढू नका."

उन्हाळ्यात शिवसागरचं पाणी खाली जातं आणि काठ उघडा पडतो. संध्याकाळी शेवटची फेरी संपली की पोरगं बोटीचं नाक चिखलाच्या उतारावर चढवून ठेवायचं. नाक वर, बूड खाली. तात्या त्याच अवस्थेत पट्टी टाकायचे. टाकी इंजिनाशेजारी, पट्टीचं भोक टाकीच्या मागच्या टोकाला. सकाळी बोट पाण्यात ढकलून झाली, की तात्या पुन्हा पट्टी टाकायचे.

मी लेव्हल बॉटल (कल दाखवणारी बुडबुड्याची नळी) काढली आणि टाकीच्या कडेला धरली. टाकी ९० सें.मी. लांब, ४५ रुंद, ३० उंच, म्हणजे साधारण १२१ लिटरची. पट्टीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ४ लिटर. चिखलावर असताना टाकीचं पुढचं टोक मागच्यापेक्षा ५ सें.मी. वर होतं. पट्टीचं भोक टाकीच्या मध्यापासून ४० सें.मी. मागं. ४० गुणिले ५ भागिले ९०, म्हणजे २.२ सें.मी. पट्टी तेवढी जास्त ओली होणार. त्याचे झाले ९ लिटर. तात्यांचं 'आठ-दहा' बरोब्बर तिथं बसलेलं होतं.

हे तपासायला काही लागत नाही. बोट पूर्ण पाण्यावर तरंगती ठेवा, माणसं उतरवा, सामान रोजच्या जागी असू द्या, आणि मगच पट्टी टाका. शक्यतो वारा उठायच्या आत, सकाळी. दोन दिवसांची मापं एकाच अवस्थेत घेतलेली नसतील तर त्यांची वजाबाकी करू नका. त्यातून निघेल ते डिझेल नव्हे, बोटीचा कल.

उन्हाचाही थोडा भाग असतो. डिझेल २० अंशांनी तापलं तर १०० लिटरमागं दीड लिटरच्या वर फुगतं आणि रात्री परत आवळतं. दुपारी भरलेली टाकी पहाटे थोडी कमी दिसली तर कुणाकडं डोळे वटारून बघायची गरज नाही.

पट्टीला लागलंय ते डिझेलच आहे का?

स्टीलच्या चकचकीत गजावर डिझेलची रेघ नीट दिसत नाही, वर चढून फसवते. लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर खडू फासा, सरळ खाली टेकवा आणि लगेच वर काढा. पट्टी तळाला टेकली का, की आतल्या आडव्या पत्र्यावर अडली, हेही बघा. मोठ्या टाकीत डिझेल हिंदकळू नये म्हणून असे पत्रे बसवलेले असतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि पट्टीला दोन्ही सारखंच ओलं करतं. वरच्या मापाच्या टाकीत दीड सेंटिमीटर पाणी म्हणजे सहा लिटर 'डिझेल', जे कधीच जळणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वासोटा किल्ल्याच्या फेऱ्या बंद असतात, बोटी महिनोन्‌महिने उभ्या राहतात, टाकी अर्धी रिकामी आणि कोयनेचा पाऊस बाहेर. झाकणाची वॉशर सुकलेली असेल तर पाणी थेट आत येतं, नाहीतर रिकाम्या पत्र्याला आतून घाम सुटतो. म्हणून पावसाळ्यात टाकी गच्च भरून ठेवायची. आतली मोकळी जागा जेवढी कमी, तेवढा घाम कमी.

तपासणी सोपी. सकाळी बोट हलवायच्या आधी टाकीच्या तळाच्या कॉकमधून काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढा आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. कॉक नसेल तर पेट्रोल पंपावर पाणी शोधायची पेस्ट असते, ते आपल्या जमिनीखालच्या टाक्या तिनंच तपासतात. ओळखीच्या पंपावरून बोटभर आणा आणि पट्टीच्या टोकाला लावा. पाणी असेल तेवढ्या उंचीपर्यंत तिचा रंग बदलतो. पाण्याबरोबर तपकिरी, शेवाळासारखी घाण आली तर डिझेलात जंतू वाढलेत. मग नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी साफ करावी लागते.

काढलेली घाण पाण्यात ओतू नका. आपण त्याच पाण्यावर पोट भरतो.

टाकी श्वास घेतेय का?

चौथ्या लक्षणासाठी आधी इथंच बघा. टाकीला एक हवेची बारीक नळी असते. डिझेल जेवढं खाली जातं तेवढी हवा त्या नळीतून आत यायला हवी. ती बंद झाली की टाकीत ओढ तयार होते, फीड पंपाला डिझेल खेचता येत नाही आणि इंजिन गुदमरतं. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा मुरते आणि गाडी परत चालू. माणूस फिल्टर बदलतो, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) काढतो, पंप उघडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आमच्याकडे या नळीचा शत्रू म्हणजे कुंभारीण माशी. तिला बोटाएवढं भोक दिसलं की ती त्यात मातीचं घर करते. एकदा मी अशा नळीतून वाळलेल्या मातीचा गोटा तारेनं काढला, आत मेलेले कोळी ठासून भरलेले होते, पिल्लांसाठी ठेवलेले. तो गोटा नळीत एवढा घट्ट बसला होता की तोंडानं फुंकर मारून काहीच उपयोग झाला नव्हता.

खात्री करायची पद्धत: इंजिन बंद पडल्या पडल्या भरायचं झाकण हळूच सैल करा. 'सुस्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर रोग सापडला. नळी साफ करा, तिचं तोंड खालच्या बाजूला वळवा आणि त्यावर बारीक पितळी जाळी बांधा. कापडाची चिंधी बांधू नका, ती डिझेलनं भिजते आणि तीच बूच होते.

टाकी लिटरमध्ये मोजा, एकदाच पण नीट

या कामात अर्धा दिवस जातो म्हणून सगळे टाळतात. पण हे केल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

चौकोनी टाकी असेल तर वर केला तसा हिशेब जमतो. पण जुन्या बोटींत टाकी बोटीच्या पोटाला बसेल अशी, खाली निमुळती केलेली असते. पूर्ण व्ही आकाराच्या टाकीत पट्टी निम्म्यापर्यंत ओली झाली तर डिझेल निम्मं नसतं, पाव असतं. पहिल्या लक्षणातला 'अर्ध्यावरून एकदम लाल' काटा बऱ्याचदा हाच. काट्याचा दोष नाही, तो उंची दाखवतो, लिटर नाही.

करायचं असं. टाकी तळाच्या कॉकमधून पूर्ण रिकामी करा. बोट तरंगती, सरळ. मग पाच-पाच लिटर मापून ओता, प्रत्येक वेळी पट्टी टाका आणि जिथं रेघ आली तिथं करवतीनं खाच पाडा. पेननं नको, डिझेल पुसून टाकतं. पहिल्या खाचा लांब लांब येतील आणि वर जाल तशा जवळ जवळ, हे निमुळत्या टाकीचं लक्षण आहे, तुमची चूक नाही.

माप मात्र खरं हवं. आम्ही डिझेल मेढ्याहून किंवा साताऱ्याहून कॅननं आणतो, आणि कॅनवरच्या उठावाच्या रेघेवर माझा विश्वास नाही. गळ्यापर्यंत भरलेल्या वीसच्या कॅनमध्ये वीसपेक्षा जास्त बसतं. पंपावर शंका असेल तर तिथं वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. लाजू नका, मागा. घरी तपासायचं तर वजन करा. डिझेलचा लिटर साधारण ८३० ग्रॅमचा, म्हणजे वीस लिटर डिझेल, कॅनचं वजन सोडून, साडेसोळा किलोच्या जरा वर. भाजीवाल्यांचा अडकवायचा डिजिटल काटा याला चालतो.

अजून एक खाच लाल रंगानं पाडा. इंजिनाला डिझेल नेणारी नळी तळाला टेकलेली नसते, घाण येऊ नये म्हणून दोन-अडीच सेंटिमीटर वर असते. तिच्या खालचं डिझेल तुमचं असून नसल्यासारखं. तात्यांच्या टाकीत असं दहा लिटर होतं. काटा 'शून्याच्या जरा वर' असताना वारा उठला आणि बोट डोलायला लागली की इंजिन एअर घेतं, म्हणजे नळीत डिझेलऐवजी हवा शिरते, ते इथं.

काटा खोटं बोलतोय का? (थोडा खर्च)

पट्टी बरोबर, काटा चूक, अशी खात्री झाली तरच वायरींना हात लावा. काट्याच्या दुखण्याचं पहिलं कारण अर्थिंग. टाकीवरच्या युनिटची (डिझेलची पातळी काट्याला कळवणारा भाग) अर्थची वायर, तिच्या टोकाला हिरवं चढलेलं, नट सैल. दमट जागा, दुसरं काय होणार? टोक घासून लख्ख करा, नट आवळा, व्हॅसलिन लावा. निम्मे काटे एवढ्यावर शुद्धीवर येतात.

नाही आला तर मल्टिमीटर. बाजारात दोन जातीची युनिटं मिळतात. एकात टाकी रिकामी असताना साधारण १० ओहम आणि भरलेली असताना १८०. दुसऱ्यात उलट, रिकामी २४० आणि भरलेली ३३. मीटर एका जातीचं आणि युनिट दुसऱ्या जातीचं बसवलं की काटा उलटा चालतो किंवा मधेच लटकतो. कुणीतरी जीपचं मीटर आणून बसवलेल्या बोटी मी हाताच्या बोटांवर मोजता येणार नाहीत एवढ्या बघितल्यात. म्हणून मीटर बदलायच्या आधी युनिट मोजा. युनिटला बॅटरीची १२ व्होल्टची वायर थेट लावून 'बघू चालतंय का' हा प्रयोग करायचा नाही, आतली बारीक तार जळते.

युनिट बाहेर काढायचं तर आधी बॅटरीची वायर सोडा. फ्लोट, म्हणजे युनिटचा डिझेलवर तरंगणारा पोकळ गोळा, कानाशी हलवून बघा. आत डिझेल खळखळलं तर तो फुटलाय, बुडून बसतो आणि काटा कायम खाली. परत बसवताना सायकलच्या ट्यूबचं पॅकिंग कापून लावू नका. डिझेलनं ते फुगतं, लोण्यासारखं होतं आणि मग टाकी वरून झिरपते. डिझेलला टिकणारं पॅकिंग साताऱ्यात कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतं.

हे सगळं डिझेलच्या टाकीसाठी. पेट्रोलच्या आउटबोर्डच्या टाकीशी वायर, मीटर, ठिणगी असले उद्योग करू नका.

खरंच जास्त जळतंय का?

आता खप. एका फेरीवरून खप काढू नका. पट्टी अर्धा सेंटिमीटर इकडं-तिकडं वाचली तर दोन लिटरचा फरक पडतो, आणि फेरीलाच जर पाच लिटर लागत असेल तर त्या आकड्याला अर्थ काय राहिला? टाकी एका ठरलेल्या खाचेपर्यंत भरा, इंजिन दहा-बारा तास चालू द्या, मग मापून परत त्याच खाचेपर्यंत भरा. जेवढं ओतलं ते भागिले तास. किलोमीटर नको, तास. वारा समोरून असला की तेवढ्याच अंतराला जास्त वेळ लागतो.

तासाचं मीटर नसेल तर वही. तारीख, चालू-बंद वेळ, माणसं किती, वारा होता का, किती ओतलं. तात्यांनी वही आणली आणि लिहायचं काम त्याच पोराला दिलं. माफी वगैरे मागितली नाही, पण वही दिली. पोराचं अक्षर चांगलं आहे.

अंदाजासाठी: छोटं डिझेल इंजिन एका किलोवॅटला तासाला सुमारे ०.३ लिटर पितं. २० हॉर्सपॉवर म्हणजे १५ किलोवॅट, पूर्ण भारावर साडेचार लिटर. पण आर.पी.एम. ८० टक्क्यांवर आणले तर पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद जवळपास निम्मी होते. वेग मात्र थोडाच कमी होतो. आपल्या लाँच पाणी कापत जातात, पाण्यावर उडत नाहीत. २५ फूट पाण्यातली लांबी असलेल्या बोटीला तासाला साधारण १२ किलोमीटरच्या पुढं जायचंच नसतं. त्यावर रेस दिली की बूड खाली बसतं, मागं मोठी लाट उठते आणि डिझेल त्या लाटेत जातं. पर्यटक घाई करतात तो महिना बघा, वहीत खप तिथंच वाढलेला दिसेल.

वहीत कारण दिसत नसेल तर पंख्याकडं बघा. जाळ्याचा दोरा, गोणपाट, प्लास्टिक. खाऱ्या पाण्यात बुडाला कालवं चिकटतात, इथं शेवाळ धरतं, पण घासून काढावं ते लागतंच. पंखा बघायचा तो इंजिन बंद करून आणि चावी खिशात घालून.

खप मोजायचं फ्लो मीटर कुणी विकायला आलं तर एक प्रश्न विचारा: रिटर्नचं काय? डिझेल इंजिन मागवलेलं सगळं जाळत नाही, उरलेलं ओव्हरफ्लोच्या नळीनं टाकीत परत जातं. एकाच नळीवर मीटर लावलं तर तेच डिझेल दोनदा मोजलं जातं. आणि दोन टाक्या असतील तर रिटर्न कुठल्या टाकीत पडतं ते आधी शोधा. एका बोटीत इंजिन डावीतून घ्यायचं आणि उजवीत सोडायचं. उजवी भरून हवेच्या नळीतून बाहेर सांडत होती.

गळती

इंजिनाखालच्या खोलगट जागेत पांढरा कागद पसरून ठेवा, रात्रभर. सकाळी डाग कुठं पडला ते दिसतं. साचलेलं पाणी आपोआप फेकणारा पंप असेल तर तो त्या रात्रीपुरता बंद ठेवा, पण पहाटे आठवणीनं चालू करा. हा पंप गळालेलं डिझेल गुपचूप बाहेर टाकत राहतो, आत सगळं कोरडं दिसतं आणि बाहेर पाण्यावर रंगीत तवंग.

शेवटी इंजिन ऑइलची पट्टी काढा. ऑइलची पातळी वाढली असेल, ऑइल पातळ झालं असेल, डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. इंजिन लगेच बंद. त्या ऑइलवर एकही फेरी मारू नका, बेअरिंगं जातील.

इथं थांबा, माणूस बोलवा

ऑइलमध्ये डिझेल आलं, किंवा पंखा-बूड साफ करूनही काळा धूर आणि खप दोन्ही राहिले, तर पंप आणि नोझलचं काम आहे. ते टेस्ट बेंच (पंप-नोझल तपासायचं यंत्र) असलेल्या डिझेल पंप दुरुस्तीवाल्याकडे न्यायचं. नोझल उघड्यावर फवारून हातानं तपासायची नाही. तो फवारा कातडीतून आत शिरतो. भोक टाचणीएवढं दिसतं, पण तडक दवाखान्यात जावं लागतं.

टाकी गळतेय म्हणून वेल्डरला बोटीवर बोलवू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. ती उतरवून, धुवून, वाफ काढून देणाऱ्या आणि असल्या टाक्यांचं काम करणाऱ्या माणसाकडेच द्या. आत उतरून साफ करायची मोठी टाकी असेल तर एकट्यानं तर मुळीच नाही.

आणि हे सगळं उलगडेपर्यंत पाण्यात जायचंच असेल तर जुना हिशेब पाळा: वापरता येईल त्या डिझेलचा तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, उरलेल्याला हात लावायचा नाही. लाल खाचेखालचं त्यात धरायचं नाही. पंपवाल्याकडे जाताना वहीही न्या. त्याचा पहिला प्रश्न "तासाला किती?" हाच असतो.